पुढची चाकं वाडीची

बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं. आमच्या गाडीच्या साट्याखाली बांबूचा नळा लोंबकळत असायचा. एरंडेलात जाळलेल्या पेंढ्याची राख कालवून केलेलं काळं वंगण त्यात असायचं. बाजारच्या आदल्या रात्री वडील आखाची खीळ काढायचे, चाक वीतभर बाहेर सरकवायचे आणि चिंधीच्या बोळ्यानं वंगण चोपडायचे. कंदील धरायचं काम माझं. ते म्हणायचे, "बैल समोर दिसतो, म्हणून त्याला चारा मिळतो. आख दिसत न्हाई. त्याची आठवण आपणच ठेवायची."

पुढं बैलगाडी गेली, जीप आली आणि आखाला आम्ही ॲक्सल म्हणायला लागलो. नाव बदललं तरी दांडा न दिसणाराच राहिला. ह्याच न दिसणाऱ्या दांड्यापायी आमची अख्खी वाडी एकदा देवळात बैठकीला बसली होती.

आमची वाडी आजरा तालुक्यात, आंबोलीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. २६ उंबरे. भात, नाचणी, थोडा ऊस, वरच्या अंगाला काजू. माती जांभ्याची, लाल. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडते आणि मृगाचे दोन पाऊस झाले की लोण्यासारखी सटकते. त्या काळात वाडीपासून डांबरी रस्ता चार किलोमीटर. मधी एक ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं लगेच उजवीकडं वळून उभी चढण. त्या चढणीला आम्ही घसरत म्हणतो. बैलसुद्धा तिथं गुडघ्यावर यायचे. पावसाळ्यात माणूस आजारी पडलं की घोंगड्याची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन डांबर गाठायचं. माझे चुलते झोळीतनंच गेले, आणि डांबर यायच्या आधीच संपले. त्या झोळीचा एक खांदा माझा होता.

मी १९७६ साली दहावी झालो आणि शेतीत पडलो. १९९६ साली काजूचे पैसे आणि सोसायटीचं कर्ज अशी जुळणी करून एका सरकारी खात्याच्या लिलावातली महिंद्राची जुनी फोर बाय फोर जीप घेतली. ह्या जीपचं घराणं मोठं. मूळची ती अमेरिकेतली विलीज, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं ती मुंबईत जोडायला घेतली आणि मग हळूहळू आपल्याकडंच बनायला लागली. आमच्या वाट्याला आली तेव्हा तिचा रंग उडालेला, हूड फाटलेलं, पण इंजिन खणखणीत.

ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या जीपला इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं नुसती ढकलली जातात. फोर बाय फोरला मोठ्या गियरशेजारी दोन बारके दांडे असतात. एकानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं गाडी लहान गियरात टाकायची. लहान गियरात वेग मरतो आणि जोर अडीचपटीच्या आसपास वाढतो. मागचं चाक चिखलात फिरत बसलं तर पुढचं चाक गाडीला ओढून काढतं. पण हे सगळं चिखलात. डांबरावर पुढची चाकं जोडायची नसतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त वाट चालतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग तो सगळा ताण आतल्या दांड्यांवर बसतो. एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या बैठकीत ती कामाला येणार आहे.

आमच्या वाटेला बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल आणि मधला वरंबा उंच, त्यात जांभ्याचे दगड वर डोकावणारे. जीपच्या पोटाखालचा डिफरन्शियलचा गोळा त्या दगडांवर आपटायचा. म्हणून १९९८ साली मी जीप उंच करून घेतली. पाट्यांच्या जुडीत एकेक पाटा वाढवला, शॅकल लांब घातली आणि ६.००-१६ च्या टायरांच्या जागी ७.५०-१६ चे टायर चढवले. नुसते पाटे वाढवून बॉडी वर जाते, गोळा होता तिथंच राहतो. गोळा वर जायचा तर टायरच मोठा पाहिजे, आणि मोठा टायर वळताना मडगार्डला घासू नये म्हणून पाटे वाढवायचे. ह्या सगळ्यातून गोळा दीड इंच वर गेला. दीड इंच म्हणजे काही नाही असं वाटेल. पण दगड आणि लोखंड यांच्यामधली ती दीड इंच हवा आम्हाला चार महिन्यांचा रस्ता देऊन गेली.

हे काम केलं आजऱ्याच्या चाचांनी. त्यांचं गॅरेज म्हणजे दोन चिंचेची झाडं, एक पत्र्याचं छप्पर आणि एक खड्डा. काम संपल्यावर हात पुसत ते म्हणाले, "दादा, उंची फुकट मिळत न्हाई. भरलेली घागर कडेला धरली तर जड वाटत न्हाई. तीच हात लांब करून धरा. मोठं चाक म्हंजे लांब केलेला हात. त्याचा भार आतला दांडा सोसणार. आज न्हाई, पाच-सात वर्सानं त्यो बोलंल."

मी हो म्हणालो. हिशेब मला पटलेला होता. वाट बदलणं माझ्या हातात नव्हतं, गाडी बदलणं होतं.

चाचांच्या बोलाप्रमाणं दांडा बोलला २००५ च्या मे महिन्यात. शेणखत घेऊन वरच्या वावरात चाललो होतो, पुढची चाकं जोडलेली. सरळ वाटेला काही नाही. बांधाला वळसा घातला की उजव्या चाकातून आवाज, कट कट कट. चाक सरळ केलं की बंद. दुसऱ्या दिवशी डावीकडचं चाकही बोलायला लागलं. शिवाय चाकामागच्या गोळ्यातनं तांबूस पाणी गळत होतं.

चाचांनी जीप जॅकवर उचलली, खाली लाकडाचे ओंडके लावले आणि नुसत्या हातानं चाक मागं-पुढं हलवलं. चाक दोन बोटं फिरायचं, तेव्हा कुठं आतला दांडा हलायचा. मग खोलायला घेतलं. चाक काढलं. हबवरची टोपी, फ्लँजचे बोल्ट, दोन मोठे नट आणि त्यांच्या मधला कान मुडपलेला वायसर. ड्रम निघाला. ब्रेकची पाटी सोडवून चाचांनी ती तारेनं पाट्याला टांगली, नळीवर ताण येऊ नये म्हणून. मग स्पिंडल बाहेर आलं, आणि त्याच्यामागं गोळ्यातनं पहिलं काय आलं असेल तर ताक. ग्रीस आणि ओढ्याचं पाणी घुसळून घुसळून त्याचं करड्या रंगाचं ताक झालं होतं.

"गरम झालेला गोळा गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसती," चाचा म्हणाले. "तोंडावरचा नमदा झिजला आसंल तर त्यो पाणी वडून घेतो. सात पावसाळं काढलंय ह्येनं वड्यात."

दांडा ओढून बाहेर काढला. जीपच्या पुढच्या ॲक्सलात असे दोन दांडे असतात, एक लांब, एक आखूड, कारण डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसतो, एका अंगाला असतो. बैलगाडीत आणि ह्यात फरक तिथं मला पहिल्यांदा नीट दिसला. बैलगाडीचा आख फिरत नाही, तो भार सोसतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. जीपच्या पुढच्या बाजूला भार सोसतं ते बाहेरचं नळकांडं. आतला दांडा वजन उचलतच नाही. त्याच्या नशिबी फक्त पीळ. इंजिन एका टोकानं फिरवणार आणि चिखल दुसऱ्या टोकानं अडवणार.

दांड्याच्या चाकाकडच्या टोकाला क्रॉस असतो, म्हणजे फुलीच्या आकाराचा लोखंडी तुकडा. त्याच्यामुळं चाक वळलेलं असतानाही दांडा फिरू शकतो. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या आणि वाट्यांत सुईसारख्या बारीक रोलरांची ओळ. आमच्या सुयांचं गंजून पीठ झालं होतं. चाक जितकं वळलेलं तितका क्रॉस त्रास देतो, एका फेऱ्यात दोनदा धीमा, दोनदा जलद होतो. तीच ती वळणावरची कट कट.

पण खरी गोष्ट दांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं लांबीला सरळ दाते पाडलेले असतात. ते सरळ राहिले नव्हते. चाचांनी रॉकेलच्या फडक्यानं टोक पुसलं आणि माझ्या हातात दिलं. दाते तिरपे फिरले होते, दोरीला असतो तसा पीळ. मी घायपाताची दावी वळणारा माणूस. दोरीचा पीळ किती सोसेल हे बोटांना कळतं. पण दोरी उलटी फिरवली तर सुटते. लोखंडाचा पीळ सुटत नाही.

"अजून किती दिवस?" मी विचारलं.

"डांबरावर, पुढची चाकं न जोडता, जल्मभर," चाचा म्हणाले. "घसरतीला, लहान गियरात, भरल्या गाडीनं, चाक वळवून... एक बार. दोन बार. कवा तुटंल सांगता येत न्हाई, पर कुठं तुटंल ते सांगतो. चढणीवरच तुटणार. सपाटीला दांडा तुटत नसतो."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, दोन्ही दांडे जॉइंटसकट नवीन, बेरिंग, सील, नमदा सगळं बदलायचं. खर्च अकरा हजारांच्या वर. दुसरी वाट, पुढची जोडणी काढून ठेवायची आणि मागच्या दोन चाकांवर गाडी चालवायची. खर्च काहीच नाही. "तुमचं दूध डांबरावरनं जातंय, बाजार डांबरावरचा. उन्हाळा-हिवाळा तुमचं काय अडत न्हाई. पावसाळ्यात जीप डांबराकडंला ठेवा आन वाडीत चालत जावा."

ते खोटं सांगत नव्हते. माझ्या धंद्याचा विचार केला तर दुसरीच वाट बरोबर होती. अकरा हजार म्हणजे माझं त्या सालचं भाताचं खत आणि लागणीची मजुरी. रोहिणी चालू होत्या, धूळवाफेची पेरणी डोक्यावर. घरी आलो आणि जेवताना कारभारणीला दोन्ही वाटा सांगितल्या. तिनं भाकरी थापता थापता एवढंच सांगितलं, "वाडीत दोघी दिवसांच्या हायत. एकीचा म्हैना आखाडातला." आखाड म्हणजे आषाढ. त्यावर मला काही बोलायला राहिलं नाही. पण पैसेही नव्हते.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तिनं सांगितली असावी, बहुतेक पाणवठ्यावर. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला देवळात बोलावणं आलं. देवळात बैठक म्हणजे यात्रेची पट्टी, नाहीतर भांडण. गेलो तर सगळे उंबरे बसलेले. एका म्हाताऱ्यानं विषय काढला, "जीपच्या पुढच्या दांड्याला पट्टी काढायची का?"

मी गप्प बसलो. एक तरणा पोरगा उठला. भावकीतलाच. म्हणाला, "जीप काकांची. बाजारला माणसं बसवत्यात, भाडं घेत्यात. दुधाच्या कॅनचं पैसं घेत्यात. रानात माझी गाडी मोडली तर वाडी पट्टी काढंल काय?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाजारच्या दिवशी मी वडाप करत होतो, पाच रुपये माणशी. आजारी माणसाचे कधी घेतले नाहीत, पण डिझेल कुणी ना कुणी घालायचंच किंवा भांगलणीला एक दिवस यायचं. गाडी माझी होती आणि तिच्यावर माझं पोट चालत होतं. मी तसंच सांगितलं, "पोरगं खरं बोलतंय. पट्टी नको. बघू पुढच्या साली." दोन-चार माणसं उठायला लागली.

तेव्हा आक्का बोलली. आक्का म्हणजे वाडीची सुईण. आम्ही सगळे तिच्याच हातावर जन्मलेलो. ती खांबाला टेकून बसली होती, बसल्या जागेवरनंच बोलली.

"डांबरावर ह्येच्या गाडीची कंची चाकं चालत्यात? मागची. त्येच्यावर ह्यो पैसं मिळवतो, ती चाकं ह्येची. त्येचा खर्च ह्येनं करावा. पुढची चाकं कवा चालत्यात? आपल्या वड्यात आन आपल्या घसरतीला. दुसरीकडं कुठं चालत्यात सांगा बघू?"

कुणी बोललं नाही.

"मग मागची चाकं ह्येची, पुढची चाकं वाडीची. बाळंतीण माझ्या हातातली असंल तवर माझी. हाताबाहेर गेली की मी ह्येच्या दारात जाती. माझ्या हाताला मर्यादा हाय, ती मला ठावं हाय. तुमच्या पट्टीला काय मर्यादा असंल ती तुम्ही ठरवा."

गॅरेजात चाचांनी मला जे लोखंडाच्या भाषेत सांगितलं, की पुढची जोडणी डांबरावर वापरायचीच नसते, तेच ह्या बाईनं शाळेचं तोंड न बघता माणसांच्या भाषेत सांगितलं. मी इतकी वर्षं ती गाडी चालवत होतो, पण गाडीची अशी वाटणी माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

उंबऱ्याला ३०० रुपये ठरले. २६ उंबऱ्यांचे ७,८००. सगळे रोख आले असं नाही. दोघांनी भात दिलं, पायलीनं मोजून. एका घरानं कोंबडी आणि अंडी दिली, ती बाजारला विकली. तीन घरांचे पैसे दिवाळीला आले, एका घराचे आलेच नाहीत आणि ते कुणी मागितलेही नाहीत. पहिल्या दिवशी ३०० रुपये मोजून देणारा तो तरणा पोरगाच होता. म्हणाला, "माझा सवाल होता. जबाब मिळाला."

दांडे आणायला मी आणि चाचा एसटीनं कोल्हापूरला गेलो. शिवाजी उद्यमनगरात जिकडं बघावं तिकडं लेथ, ओतकाम, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, उसाच्या चरकाच्या लाटा. हवेत तापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटचा वास. एका भंगाराच्या दुकानात जुन्या जीपचे काढलेले दांडे निम्म्या किमतीत होते. चाचांनी एक उचलला, सुतळीला बांधून टांगला आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारली. आपण मडकं घेताना वाजवून बघतो, अगदी तसं. आवाज बद्द आला. "भेग हाय कुठंतरी," म्हणाले. दुसरा खणखणीत वाजला, पण त्याच्या दात्यांवर सरळ गवताची काडी धरली तर खालच्या अंगाला दाते काडीपासून फुटलेले. त्यालाही पीळ होता, आमच्यापेक्षा कमी एवढंच. चाचा म्हणाले, "वाडीचा पैसा हाय दादा. नवंच घ्यायचं." पुढच्या गल्लीत नवीन जोडी मिळाली, लांब आणि आखूड, जॉइंटसकट ७,४०० रुपये. पावती मी वाडीच्या नावानं मागितली. दुकानदार म्हणाला, वाडीच्या नावानं पावती आजवर कुणी मागितली नाही. तरी फाडली.

बेरिंग, सील, नमदे, ग्रीस आणि मजुरी मिळून ३,९०० माझे गेले. चाचांनी गोळे रॉकेलनं धुऊन आरशासारखे केले. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला चिखल वाळून खरबुडी झाली होती, ती बारीक पॉलिश पेपरनं घासली, कारण नवा नमदा खरबुड्या गोळ्यावर महिनाभरही टिकत नाही. मग दांडा आत सरकवायचा. हे काम दिसतं सोपं, पण आतल्या सीलाचं तोंड रबराचं, दात्यांचा एक धक्का लागला की फाटतं. चाचा डोळे मिटून दांडा आत घालायचे. बोटांनी अंदाज घेत, किंचित फिरवत. आतले दाते दात्यांत बसले की टक् असा एक बारका आवाज यायचा. तो ऐकला की डोळे उघडायचे. बेरिंगचा नट आवळून परत किंचित सैल करायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डुगडुगायला नको. नटामागं वायसरचा कान मुडपला आणि काम झालं. मृग निघायला तीन दिवस होते.

२००५ चा जुलै कोल्हापूर, सांगलीकडची माणसं विसरणार नाहीत. नद्या गावांत आल्या होत्या. आमच्याकडं पुष्याचा पाऊस, ज्याला आम्ही म्हातारा पाऊस म्हणतो, तो लागला तो थांबेना. त्यातल्या एका रात्री, अकराच्या सुमाराला, आक्का दारात आली. डोक्यावर इरलं, हातात कंदील. "आडवं हाय," एवढंच म्हणाली. पोट आडवं म्हणजे बाळ आडवं. ते तिच्या हाताबाहेरचं.

पोरगी पहिलटकरीण, माहेरी आलेली. मागं गादी टाकून तिला निजवलं, आक्का आणि तिची आई दोन बाजूंना बसल्या. रेडिएटरपुढं पोतं बांधलं, ओढ्याचं पाणी पंख्यानं उडू नये म्हणून. तो तरणा पोरगा कमरेला कासरा बांधून पुढं ओढ्यात उतरला, दुसरं टोक चौघांच्या हातात. पाणी गुडघ्याला लागत होतं. गुडघ्याच्या वर असतं तर जीप घालायची नाही, झोळी करायची आणि वरच्या साकवावरनं जायचं, हे आधीच ठरलं होतं. त्यानं बॅटरी दोनदा हलवली.

पुढची चाकं जोडली, लहान गियर टाकला आणि एकाच चालीनं ओढ्यात शिरलो. ओढ्यात गियर बदलायचा नसतो आणि थांबायचं नसतं. पाणी लोखंडावर आपटत होतं. पलीकडं निघालो की लगेच ती घसरत, उजवीकडं वळून. चाक पुरतं वळवून, भरल्या गाडीनं, लहान गियरात. चाचांनी सांगितलेली नेमकी तीच जागा. मागची चाकं फिरायला लागली, गाडीचा मागचा भाग ओढ्याकडं सरकला. मी पाय होता तसाच ठेवला. त्या घडीला पाऊस, बाया, इंजिन काही ऐकू येत नव्हतं. माझे कान पुढच्या चाकांत होते. कट कट आली नाही. पुढच्या चाकांनी माती पकडली आणि एकेक वीत करत जीप वर निघाली.

डांबर लागल्यावर पुढची जोडणी सोडली. आजऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. पहाटे मुलगी झाली, ऑपरेशन न करता, डॉक्टरांनी हातानं बाळ फिरवून घेतलं. आई आणि मुलगी दोघी बऱ्या. आक्का दवाखान्याच्या पायरीवर बसून चहा प्याली आणि मला म्हणाली, "चाकं चालली."

ह्या जीपनं वाचवलेल्या माणसांची यादी मी केलेली नाही. नेलेली सगळी माणसं परत आली नाहीत. २०११ साली श्रावणात आक्कालाच न्यावं लागलं. छातीत दुखत होतं. ओढा, घसरत, सगळं जीपनं बिनबोभाट पार केलं. तिसऱ्या दिवशी आक्काला परत आणलं ते त्याच गादीवर, पण पांढऱ्या चादरीखाली. चाकं चालली म्हणून माणूस राहतंच असं नाही. ती चालली नसती तर मात्र तिला दवाखान्याची पायरीही दिसली नसती, आणि आमच्या मनाला ती टोचणी जन्मभर राहिली असती, माझ्या चुलत्यांची राहिली तशी.

पुढं ओढ्यावर पूल झाला. २०१४ साली राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली. मग डांबरही वाडीपर्यंत आलं, आणि आता फोन केला की पांढरी गाडी दारात येते. चांगलं झालं. माझा मुलगा विचारतो, आता फोर बाय फोरचं काय काम? काम फारसं नाही. वरच्या वावरात खत नेणं, काजूच्या गोण्या आणणं. तरी दर मे महिन्यात मी दोन्ही चाकं उचलतो, नमदे बघतो, गोळ्यांत ग्रीस भरतो. २००५ चे दांडे अजून आत आहेत. चाचा आता नाहीत, त्यांचा नातू येतो. पोरगा हुशार, पण दांडा घालताना डोळे उघडे ठेवतो.

जुन्या दांड्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जीपच्या ॲक्सलचं पोलाद चिवट, लोहार त्यासाठी टपून असतात. आखूड दांडा आमच्या लोहारानं मजुरीत ठेवून घेतला. लांब दांड्याचा जॉइंट तोडून, ते टोक तापवून, ठोकून लांबवून त्यानं पहार केली आणि धारेला पाणी दिलं. पहार नेहमीपेक्षा जरा आखूड आहे, पण दगडाला दबत नाही. ती देवळात आतल्या कोपऱ्यात उभी असते. लग्नाच्या मांडवाचे खांब असोत, गोठ्याची मेढ असो, कुणाची पडलेली भिंत असो, ज्याला लागेल तो नेतो आणि काम झालं की परत आणून ठेवतो. विचारायची पद्धत नाही. वरच्या टोकाचे दाते लोहारानं तसेच ठेवलेत. मुठीत धरली की त्यांचा पीळ तळहाताला लागतो.